काटा वरखाली, आळ गियरबॉक्सवर!

मुंबई-नाशिक महामार्गावर पडघ्याच्या टोलनाक्यापाशी रांग लागली की जुन्या गाडीची खरी तब्येत कळते. वेगात लपून राहिलेलं दुखणं गाडी थांबली की डोकं वर काढतं. जुन्या ऑटोमॅटिक पेट्रोल गाड्यांचं असं एक दुखणं म्हणजे आयडलिंगची वरखाली. गॅरेजच्या भाषेत ‘हंटिंग’. पाय ब्रेकवर असतो, तरी आरपीएमचा काटा आठशेवरून पंधराशेवर चढतो, खाली कोसळतो आणि पुन्हा चढतो.

ऑटोमॅटिकमध्ये हे नुसतं त्रासाचं नाही, धोक्याचंही आहे. ‘डी’ लावलेला असताना टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाचा जोर चाकांकडे जातच असतो. आयडलिंग चढलं की तो जोर वाढतो. ब्रेकवरचा पाय ढिला पडला, तर गाडी पुढे झेप घेते. समोर रस्ता ओलांडणारा माणूस असू शकतो. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत रांगेत न्यूट्रल करून हँडब्रेक ओढावा.

गाडी ऑटोमॅटिक, म्हणून पहिला आळ येतो गियरबॉक्सवर. त्याचा खर्च ऐकून कित्येक जण गाडी विकायला काढतात. आधी एक साधी परीक्षा करा. मोकळ्या, सपाट जागी इंजिन पुरतं गरम करा आणि ‘पी’ किंवा न्यूट्रलमध्ये काटा पाहा. तिथेही तो वरखाली होत असेल, तर दोष बहुधा इंजिनाकडे येणाऱ्या हवेच्या वाटेवर आहे.

असं का होतं? इंजेक्शनच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला लागणारी थोडी हवा मुख्यतः आयडल व्हॉल्व्हमधून येते आणि तिचं माप कम्प्यूटर राखतो. कुठे रबरी पाइप तडकला वा गॅस्केट फुटलं, की चोरवाटेनं जादा हवा आत शिरते. आरपीएम चढतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला, तरी आरपीएम जास्त. कम्प्यूटरला वाटतं, गाडी कसारा घाट उतरते आहे. तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडले की पुन्हा सोडतो. हाच खेळ चालू राहतो. कम्प्यूटर बिघडलेला नसतो, त्याला मिळालेली खबर चुकीची असते.

तेव्हा तपासणी स्वस्तापासून सुरू करावी. पहिलं, रेडिएटरचं पाणी. होंडासारख्या अनेक जुन्या गाड्यांत आयडल व्हॉल्व्हला इंजिनाच्या पाण्याची ऊब मिळते. पाणी कमी झालं किंवा त्यात हवा अडकली, की व्हॉल्व्हचा अंदाज चुकतो. मात्र झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावं. पाणी घटलं असेल, तर गळती शोधावी; नुसतं भरून भागत नाही.

दुसरं, पाइप. इंजिन चालू ठेवून ‘स्स्स’ असा आवाज येतो का, ते ऐका. मेकॅनिकला एकेक बारीक पाइप क्षणभर दाबून पाहू द्या. ज्या पाइपाला दाबल्यावर काटा स्थिरावतो, तिकडची वाट आधी तपासायची. ब्रेक बूस्टरचा पाइप वाहता ठेवूनच, नुसता डोळ्यांनी नीट पाहावा. ब्रेकचा पेडल कडक लागत असेल, तर तो पाइप आधी. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत आहे, पण त्यात आगीचा धोका आहे.

तिसरं, काजळीनं भरलेला आयडल व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल बॉडी साफ करणं.

हे सगळं सोडून आयडलिंगचा स्क्रू फिरवू देऊ नका. त्यानं दोष झाकला जातो आणि ‘डी’मधली ओढ वाढते.

न्यूट्रलमध्ये काटा स्थिर आणि फक्त ‘डी’मध्ये झटके, असं असेल तर मग गियरबॉक्सचं तेल पाहावं. त्याची रीत कंपनीगणिक वेगळी: होंडात गाडी गरम करून इंजिन बंद केल्यावर लगेच, तर पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू ठेवून. गाडीसोबतची पुस्तिका काढा.

थोडक्यात, आधी पाणी, मग हवा, मग व्हॉल्व्ह आणि शेवटी गियरबॉक्स. हा क्रम पाळला, तर हजारांच्या खर्चाआधी एखादा तडकलेला रबरी पाइप सापडण्याची चांगलीच शक्यता असते. आणि रांगेत समोर उभा असलेला माणूसही सुरक्षित राहतो.