शिकागोतलं घर, नावावर न झालेलं

शिकागो म्हटलं की आपल्याला विवेकानंदांचं १८९३ चं भाषण आठवतं. आज त्याच शहराबद्दल बोलायचंय, पण वेगळ्या कारणानं.

तिथे आज साधारण चार कृष्णवर्णीयांमागे एक जण दारिद्र्यरेषेखाली आहे. गोऱ्यांत हेच प्रमाण दहामागे एकाच्या आसपास. शहर एकच, महापालिका एकच. ‘ते लोक कष्टच करत नाहीत’ हे उत्तर तिथेही मिळतं. (आपल्याकडे ते कुणाकुणाबद्दल देतात, तुम्हाला ठाऊक आहेच.) म्हणून ज्यांनी कष्ट केले, पैसे साठवले, त्यांचं काय झालं तेच बघू.

१९३० च्या दशकात एका सरकारी संस्थेनं अमेरिकन शहरांचे नकाशे रंगवले. कर्जाला उत्तम वस्ती हिरवी, धोक्याची लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लालच. तिथे सरकारी हमीचं गृहकर्ज मिळेना, बँकाही दारात उभं करेनात.

पगार आहे, कर्ज नाही. मग दलाल आले. ‘आता इथे काळे येणार, भाव पडणार’ अशी भीती घालून ते गोऱ्यांची घरं स्वस्तात घेत आणि कृष्णवर्णीयांना चढ्या भावानं, हप्त्यांच्या करारावर विकत. घर विकणाऱ्याच्याच नावावर राहायचं, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत. डागडुजी मात्र घेणाऱ्यानं करायची. एखादा हप्ता चुकला तरी घर जाऊ शके, आणि तोवर भरलेले पैसेही. मग तेच घर पुढच्या गिऱ्हाइकाला! ड्यूक विद्यापीठाच्या केंद्रानं २०१९ मध्ये हिशेब मांडला: भाव सरासरी ८४ टक्के वाढवलेला, आणि १९५०-६० च्या दशकांतलं या कुटुंबांचं नुकसान आजच्या हिशेबानं ३ ते ४ अब्ज डॉलर.

१९६८ मध्ये नॉर्थ लॉन्डेल वस्तीतली माणसं एकत्र आली, त्यांनी हप्ते थांबवले. पोलीस सामान रस्त्यावर काढत, शेजारी ते उचलून परत घरात नेत. बऱ्याच जणांनी करार बदलून घेतले. कोर्टात मात्र ते हरले.

आता मुद्दा असा, की दारिद्र्याचा आकडा फक्त यंदाची कमाई मोजतो. दोन घरांत पगार सारखाच असेल, पण एकाकडे वडिलांनी फेडलेलं घर आहे. मुलीच्या कॉलेजसाठी, दुकानासाठी ते तारण ठेवता येतं. नोकरी सुटली तर निदान भाडं नाही. दुसऱ्याच्या वडिलांनीही हप्ते भरलेच होते, कदाचित जास्तच.

घरविक्रीतला वंशभेद १९६८ च्या कायद्यानं बेकायदा ठरवला. नॉर्थ लॉन्डेलमध्ये आजही कितीतरी प्लॉट मोकळे पडलेले आहेत.