मोडलेला कणा आणि समाजाचे कर्तव्य

(अणदूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मज्जारज्जूच्या इजेसारखा विषय राजकीय कार्यकर्त्यांपुढे कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. हा विषय जितका वैद्यकाचा तितकाच श्रमाचा आहे. विहिरीत कोसळणारा, उसाच्या ट्रॉलीखाली सापडणारा, परांचीवरून पडणारा माणूस बहुधा कष्टकरीच असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच जिल्ह्यातील सास्तूर आणि शेजारच्या किल्लारी परिसरात जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. कणा मोडणे म्हणजे काय, हे या भागाला सांगावे लागत नाही.

तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत सांधणारे औषध आजही नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०१८ साली विद्युत उत्तेजनाच्या साहाय्याने काही रुग्णांना पुन्हा पावले टाकण्यास समर्थ केले. अशा संशोधनाला आपला पाठिंबा असलाच पाहिजे. परंतु जे ज्ञान हाती आहे, तेच गरिबाच्या खाटेपर्यंत का पोचत नाही, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

१९४४ मध्ये इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी कार्य आरंभले, तेव्हा असे रुग्ण फार काळ जगत नसत. त्यांचे प्राण घेत असत ते मुख्यतः शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त लावली, मूत्राशयाची निगा राखली, काम दिले, खेळ दिला. आणि माणसे जगू लागली. यात दुर्मिळ असे काय होते? होती ती व्यवस्था.

आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे त्यांनी जलतरणात सुवर्णपदक मिळविले. जवानांसाठी खडकी येथे पुनर्वसन केंद्र आहे, आणि ते असलेच पाहिजे. मग देशासाठी ऊस तोडणाऱ्याचा कणा कमी मोलाचा काय? भरपाईचा कायदा १९२३ सालीच झाला. परंतु मुकादमामार्फत राबणाऱ्याने आपला मालक कोण, हे सिद्ध कसे करावे? २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यांत या इजेला स्वतंत्र नाव नाही. अपंगाला 'दिव्यांग' म्हटल्याने दारातील पायरी उतरंडीची होत नाही.

म्हणून आपले काम स्पष्ट आहे. अपघातग्रस्ताला हातापायांना धरून जीपमध्ये कोंबू नये. मान व पाठ सरळ ठेवून फळीवर किंवा दारावर न्यावे, हे गावोगाव शिकवा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करावयाचे असतात. ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा. जिल्हा रुग्णालयात अशा रुग्णांची नोंदवही ठेवा, अशी मागणी करा. नोंदीवाचून संशोधन नाही आणि संशोधनावाचून धोरण नाही.

हे अशक्य म्हणाल, तर याच अणदूरकडे पाहा. डॉ. शशिकांत अहंकारी यांनी उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातील स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून घडविले. अल्पशिक्षित स्त्री गावाचे आरोग्य सांभाळू शकते, तर दर दोन तासांनी कूस का बदलावी, हे घरच्यांना समजावण्यास कोणत्या पदवीची गरज आहे? गरज आहे ती अंथरुणाला खिळलेला माणूसही आपल्यासारखाच नागरिक आहे, हे मानण्याची. आणि त्याच्या हक्कासाठी उभे राहण्याची.