मोटारीच्या रंगावरील जाळें



हिंगोलीचा दसरा साऱ्या मराठवाड्यांत नांवाजलेला आहे. खंडेनवमीच्या सकाळीं ह्या शहरांत, तसेंच कळमनुरी, सेनगांव, औंढा आणि वसमत ह्या गांवीं, घरोघरीं एकच लगबग दिसते. ट्रॅक्टर, मोटारसायकल, मोटार अशीं सारीं वाहनें धुवून पुसून अंगणांत उभीं राहतात. त्यांना हळदकुंकू लागतें, झेंडूची माळ चढते. धुणाऱ्याच्या हातांत बहुधा जुन्या धोतराचें किंवा बनियनचें फडकें असतें, आणि शेजारीं एकच बादली. धूळ निघून जाते, मोटार लखलखते, घरांतील मंडळी समाधानानें पाहतात. पण तिसऱ्या प्रहरीं कलतें ऊन मोटारीच्या काळ्या बॉनेटवर पडलें, म्हणजे त्याच लखलखाटांत कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक वर्तुळें दिसूं लागतात. मोटार घेऊन वर्षहि झालेलें नसतें! मालक मग दुकानीं जातो आणि ‘रबिंग-पॉलिश’ करून आणतो. जाळें नाहींसें होतें. पुढच्या दसऱ्याला तें पुन्हां येतें, आणि पुन्हां रबिंग होतें. ह्या फेऱ्यांत काय मिळतें आणि काय कायमचें जातें, ह्याचा हिशोब सहसा कोणी मांडीत नाहीं. तो मांडण्याजोगा आहे.

हें जाळें म्हणजे काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी कीं, पुसणाऱ्याचा हात गोल फिरला म्हणून ओरखडे गोल उमटले. वस्तुतः ओरखडे सर्व दिशांना गेलेले असतात. कांहीं सरळ, कांहीं तिरके. परंतु सूर्याचा किंवा दिव्याचा प्रकाश ज्या ओरखड्यांवर आडवा पडतो, त्यांच्याच कडा तो पाहणाराच्या डोळ्यांकडे परतवितात; बाकीचे दिसत नाहींत. प्रकाशाच्या बिंबाभोंवतीं असे आडवे आलेले तुकडे तेवढे उजळतात, आणि डोळा ते जोडून वर्तुळें पाहतो. ह्याची खूण सोपी आहे. पाहणारा एक पाऊल बाजूला सरला, कीं वर्तुळांचें केंद्रहि त्याच्याबरोबर सरतें. राखेनें वर्षानुवर्षें घासलेलें पितळेचें ताट उन्हांत धरलें, तर त्यांतहि हाच प्रकार दिसतो. म्हणून सावलींत जाळें दिसत नाहीं, एवढ्यावरून तें गेलें असें समजूं नये.

आतां रंगाची रचना. मोटारीच्या पत्र्यावर रंगाचा एकच थर नसतो. अगदीं खालीं गंज रोखणारा थर, त्यावर पृष्ठभाग सारखा करणारा, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर असतो. ह्या शेवटच्या थराला कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात. कारखान्यांतून निघालेल्या मोटारीवर हे सारे थर मिळून बहुधा १०० ते १४० मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्तमानपत्राचा कागद साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. तेव्हां मोटारीचा सारा रंग फार तर दोन कागदांएवढा, आणि वरचा पारदर्शक थर ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे एका कागदाहूनहि पातळ! जाळें पडतें तें ह्या वरच्या थरांत. सूर्याच्या अतिनील किरणांना अडविणारें द्रव्यहि ह्याच थरांत मिसळलेलें असतें. तो फार झिजला तर खालचा रंग विटतो आणि पुढें पांढरे पापुद्रे सुटूं लागतात. मग कोणतेंहि पॉलिश कामास येत नाहीं. तो भाग पुन्हां रंगविणें एवढाच उपाय उरतो.

मोटारीचा रंग आरंभापासून असा नव्हता. पहिल्या मोटारींना घोडागाडीच्याच वार्निशाचे थर देत, आणि ते पुरते वाळावयास कित्येक आठवडे लागत. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ड्युपाँ कंपनीचें ‘ड्यूको’ हें झटपट वाळणारें लॅकर आलें आणि आठवड्यांचें काम दिवसांवर आलें. मात्र हें लॅकर घासून चमकवावें लागे, आणि घासण्याची कला तेव्हांपासून मोटारीच्या धंद्यांत रुजली. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली व तिचा कारखाना कुर्ल्याला निघाला. त्या पिढीच्या मोटारींवर रंग आणि चमक एकाच थरांत असे. घासतांना फडकें मोटारीच्याच रंगाचें होई, आणि किती रंग निघाला तें कारागिराला डोळ्यांनीं दिसे. १९८० नंतर पारदर्शक थराची पद्धत जगभर रूढ झाली. आतां फडक्यावर रंग येत नाहीं. झीज पूर्वींप्रमाणेंच होते, पण ती दिसेनाशी झाली आहे.

ह्याच थराला अधिकाधिक कठीण करण्याचा प्रयत्न पुढें सुरू झाला. २००३ च्या अखेरीस मर्सिडीझ-बेंझ कंपनीनें त्यांत सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण मिसळून तो ओरखड्यांना पुष्कळ दाद न देणारा केला. ह्या कंपनीचा भारतांतील कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे, आणि फोक्सवॅगनचाहि तेथेंच आहे. जर्मन घराण्यांच्या मोटारींचा रंग कठीण, अशी कारागिरांत ख्याति आहे. परंतु कठीण म्हणजे किती? ही गोष्ट मोजण्यासाठीं रंगाच्या प्रयोगशाळेंत चक्क चित्रकाराच्या पेन्सिली वापरतात! मऊ ६बीपासून कठीण ९एचपर्यंतच्या पेन्सिली ओळीनें रंगावर दाबून ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीनें चरा पडतो तें नोंदवितात. मोटारीचा नेहमींचा पारदर्शक थर ह्या शिडीवर मध्याच्या थोडा वर, एचच्या आसपास बसतो. जाहिरातींत ‘नऊ एच’ कठिणतेचीं लेपनें येतात, तो आंकडाहि ह्याच पेन्सिलींचा. रत्नपारख्याच्या मोजपट्टीचा नव्हे. उलट रस्त्याच्या धुळींतील वाळूचा कण गारगोटीच्या जातीचा असतो, आणि तो काचेवरदेखील चरा पाडतो. त्याच्यापुढें सर्वांत कठीण रंगहि मऊच होय.

मऊ आणि कठीण रंगांत फरक आहे तो असा. मऊ रंगावर जाळें लवकर पडतें आणि लवकर निघतें. मात्र शेवटचा हात फिरवितांना नवे बारीक ओरखडे राहतात. कठीण रंगावर जाळें सावकाश पडतें, पण एकदां पडलें कीं हट्टानें ठाण मांडून बसतें. नवखा कारागीर येथेंच चुकतो. हलक्या पॉलिशनें ओरखडा हलत नाहीं असें पाहून तो यंत्राचा वेग वाढवितो, अंगाचा भार टाकतो, आणि एकाच जागीं घुटमळतो.

यंत्रें दोन प्रकारचीं आहेत. पहिल्याची तबकडी एकाच आंसाभोंवतीं मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेते. हें यंत्र झपाट्यानें कापतें, पण उष्णताहि सांठवितें. दरवाजाच्या कडेवर किंवा बॉनेटच्या कण्यावर रंग मुळांतच पातळ असतो. तेथें तें क्षणभर अडखळलें तर वरचा थर पार निघून जातो. दुसऱ्या यंत्राची तबकडी स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां ८, १५ किंवा २१ मिलिमीटरचा झोकाहि घेते. पृथ्वी जशी स्वतःभोंवतीं फिरत सूर्याभोंवतींहि फिरते, तसें हें. दाब फाजील झाला तर बहुतेक यंत्रांत स्वतःभोंवतीं फिरणें थांबतें, आणि थोडीफार चूक त्यामुळें पोटांत घातली जाते. शिकाऊ हातानें ह्या दुसऱ्याच यंत्रापासून आरंभ करावा. कठीण रंगाला त्यावर मायक्रोफायबरची किंवा घट्ट स्पंजाची गादी आणि कापणारें कंपाउंड लावावें. भार मध्यम व चाल मंद असावी. नंतर मऊ स्पंज आणि बारीक पॉलिश घेऊन दुसरा हात फिरवावा.

पण यंत्रापूर्वीं आणि यंत्रानंतर जें करावयाचें, तेंच महत्त्वाचें. मोटार सावलींत थंड होऊं द्यावी. हिंगोलीच्या वैशाखांत चाळीस अंशांवर गेलेल्या हवेंत तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड पाहतां पाहतां सुकून जातें. धुतल्यावर रंगाला चिकटलेले कण मोटारीसाठींच मिळणाऱ्या मऊ मातीच्या गोळ्यानें काढावेत. मग जाडी मोजण्याच्या लहान उपकरणानें प्रत्येक भाग तपासावा. एखादा दरवाजा कित्येकशें मायक्रॉन दाखवूं लागला, तर तेथें पूर्वीं लांबी भरून रंग मारला आहे असें समजावें. आंकडा फार खालीं आला, तर तेथें यंत्र लावूंच नये. कडांवर टेप चिकटवावी. त्यानंतर दोन फुटांचा एकच चौकोन घेऊन अगदीं सौम्य गादीनें आणि सौम्य पॉलिशनें उभे-आडवे हात फिरवून पाहावें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तरच एक पायरी वर चढावें. पॉलिशमधील तेल ओरखड्यांत भरून बसतें व खोटा गुळगुळीतपणा दाखवितें. म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनें चौकोन पुसून, विजेरीचा झोत टाकून, मगच निकाल पाहावा. दुकानांतून लखलखत निघालेल्या मोटारीवर दोन धुण्यांनंतर जाळें परत दिसतें, तेव्हां पुष्कळदां तें नवें नसतें. तेलाखालीं झांकलेलें जुनेंच असतें.

ह्या जिल्ह्याच्या श्रोत्यांना ह्यांतील मर्म समजावयास दूर जावें लागणार नाहीं. वसमतची हळद प्रसिद्ध आहे. तिला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. शिजवून वाळविलेली हळद पिंपांत घालून फिरवितात, आणि हळकुंडें एकमेकांवर व पिंपाच्या अंगावर घांसून गुळगुळीत पिवळीं होऊन निघतात. पण पॉलिश केल्यावर वजन घटतें, हें प्रत्येक शेतकरी जाणतो. जें घटलें तें वरचें खरबरीत साल. मोटारीचेंहि तसेंच आहे. ओरखडा म्हणजे एक खळगा. यंत्र तो खळगा भरीत नाहीं. त्याच्या सभोंवारची जमीन खळग्याच्या तळापर्यंत उतरवितें. हळदीचें साल टाकण्यासाठींच असतें, मोटारीचें साल मात्र राखण्यासाठीं असतें, एवढाच भेद. तें साल चाळीस-पन्नास मायक्रॉनचें. एका जबर रबिंगमध्यें त्यांतले कांहीं मायक्रॉन जातात, आणि गेलेला एकहि परत येत नाहीं.

यासाठीं चांगला कारागीर सारेच ओरखडे काढीत नाहीं. ज्या चऱ्यांत नख अडकतें, तो तळापर्यंत उतरवूं गेल्यास थरच संपेल, हें ओळखून तो त्याच्या कडा बोथट करतो आणि थांबतो. दहांपैकीं आठ ओरखडे गेले व थर शाबूत राहिला, तर तें काम उत्तम. मालकानेंहि निर्मळ आरशाचा आग्रह धरूं नये. उरलेली जाडी किती, हें विचारावें.

आणि मुळांत जाळें पडूंच नये म्हणून करावयाचें तें फारसें खर्चाचें नाहीं. कोरडें फडकें धुळीच्या मोटारीवर कधींहि फिरवूं नये. रोज सकाळचें तें झटकणें हेंच जाळ्याचें मूळ आहे. आधीं भरपूर पाण्याच्या धारेनें काळ्या रानाची माती वाहवून द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची व एक साध्या पाण्याची. मऊ हातमोजा प्रत्येक वेळीं आधीं साध्या पाण्यांत खळबळावा आणि मगच साबणांत बुडवावा, म्हणजे निघालेली वाळू पुन्हां रंगावर जात नाहीं. टपापासून आरंभ करून खालचा चिखलाचा भाग शेवटीं धुवावा. बोअरचें जड पाणी अंगावर वाळूं न देतां जाड मायक्रोफायबरच्या पंचानें टिपून घ्यावें, रगडूं नये. खंडेनवमीला पूजा होते ती ज्या साधनांवर घर चालतें त्यांची. मोटारीच्या बाबतींत त्या पूजेंतील दुसरी बादली विसरली नाहीं, तर रबिंगची पाळी वर्षावर्षाला न येतां कित्येक वर्षांनीं एखाद्या वेळीं येईल, आणि ती येईल तेव्हां घासावयास थर शिल्लक असेल.