निवतीसमोरची बेटे आणि माझ्या खिशातले घरटे
(गणेशोत्सवात, द्वारका येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मित्राने व्हिएतनामच्या हालाँग उपसागराचे फोटो दाखवले. हिरवे पाणी, बेटे, गुहा. म्हणाला, "असं आपल्याकडे नाही." मी म्हटले, आहे. एवढे मोठे नाही, पण आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रात काळे खडक दिसतात, एकावर दीपगृह. हे वेंगुर्ला रॉक्स. हालाँगची बेटे चुनखडीची, इथे लाटांनी फोडलेल्या कपारी. त्या अंधाऱ्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हा पक्षी स्वतःच्या लाळेने घरटे चिकटवतो. अंधारात टिक्-टिक् आवाज काढतो आणि प्रतिध्वनीवरून भिंत कुठे हे ओळखतो. आपण रूळ तपासायला अल्ट्रासोनिक यंत्र लावतो ना, तडा असेल तिथून ध्वनी परत येतो, तेच तत्त्व! डिप्लोमाच्या पुस्तकात हे वाचण्याआधी मी ते गुहेत ऐकले होते, फक्त कळले नव्हते.

१९९८ चा मे महिना. कोकण रेल्वे त्याच जानेवारीत पूर्ण सुरू झाली होती. सुटीत आम्ही तिघे मित्र मामाच्या होडीतून गेलो. मामा म्हणाला, "थंय उतराचा नाय रे. पाकोळये बिथरले तर पिल्लां पाण्यात पडतली." आम्ही ऐकले नाही. मी टॉर्च घेऊन आत शिरलो आणि एक घरटे ओरबाडून खिशात घातले. ते रिकामे होते की नाही, नीट पाहिलेसुद्धा नाही. परत येताना मामा वल्ही मारत राहिला, एक शब्द बोलला नाही. हॉस्टेलवर मी ते सगळ्यांना मिरवून दाखवले.

पुढे कळले की या घरट्यांचे चीनकडे सूप करतात, म्हणून इथून त्यांची चोरटी विक्री चालत होती. घरटे गेले की पक्ष्याला अंडी घालण्यापूर्वी पुन्हा सगळी लाळ खर्चावी लागते. २००१ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वनखात्याबरोबर संरक्षणाचे काम हाती घेतले. मी पैशासाठी नेले नव्हते, पण पाकोळीला त्याचे काय?

गेल्या डिसेंबरात मुलाला घेऊन गेलो. द्वारकेत वाढलेला मुलगा, समुद्र पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होता. डॉल्फिन दिसले तेव्हा ओरडला. गुहेचे तोंड दिसताच म्हणाला, "बाबा, आत जाऊ या ना." होडी आता मामेभावाची आहे. त्याने माझ्याकडे पाहिले. मी नाही म्हटले आणि घरट्याची गोष्ट मुलाला तिथेच सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "ते घरटं आता कुठंय?"

हॉस्टेल सोडताना कुठेतरी हरवले, मी म्हटले.

आपल्यापैकी कोणी तिकडे जाणार असाल तर पावसाळा टाळा, निवतीहून होडी घ्या आणि बेटाला बाहेरूनच फेरी मारा. होडीवाल्याचा नंबर मी देईन.