पुस्तक सुटले, फ्लॉपी अडली



 

माहिती कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर 1996 पर्यंत अमेरिकेच्या युद्धसामग्रीच्या यादीत होते, रणगाड्यांच्या शेजारी. प्रोग्रामर फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये ‘पीजीपी’ हे असेच सॉफ्टवेअर लिहिले, ते इंटरनेटवरून देशाबाहेर गेले आणि त्यांच्यामागे फौजदारी चौकशी लागली. जानेवारी 1996 मध्ये ती खटला न भरताच बंद झाली. गंमत अशी, की यादीतून निघाल्यावरही फ्लॉपीला परवाना लागे, पण छापील पुस्तकाला आडकाठी नव्हती! म्हणून 1997 मध्ये पीजीपीच्या नव्या आवृत्तीचा सगळा कोड छापला गेला. 12 खंड, सहा हजारांहून अधिक पाने. ती युरोपात रीतसर नेली आणि तिथल्या सत्तरएक स्वयंसेवकांनी पान न् पान स्कॅन केले. यंत्राने चुकीची वाचलेली अक्षरे हाताने दुरुस्त केली. अडवायचे कोणाला होते आणि राबले कोण!

याहून महागात पडली ती एन्क्रिप्शनच्या किल्लीवरची 40 बिटांची मर्यादा. परदेशी जाणाऱ्या नेटस्केप ब्राउझरची किल्ली मुद्दाम तोकडी ठेवत. 1995 मध्ये डेमियन डोलिगेझ या फ्रेंच संशोधकाने ती आठ दिवसांत शोधून दाखवली. 2000 साली नियम सैल झाले, पण निर्यातीसाठी लिहिलेला कच्चा कोड सर्व्हरांत तसाच राहिला. 2015 मध्ये ‘फ्रीक’ नावाची त्रुटी उघडकीस आली, ती त्यातूनच. खुद्द एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे संकेतस्थळही त्यात सापडले. नाव ठेवायला आपणही मोकळे नाही; आपल्याकडच्या इंटरनेट परवान्यातही तीच 40 बिटांची अट होती.

डिसेंबर 2017 पासून भारत निर्यात नियंत्रणाच्या वासेनार व्यवस्थेचा सदस्य आहे आणि आपल्या ‘स्कोमेट’ या नियंत्रित निर्यातीच्या यादीच्या आठव्या वर्गात एन्क्रिप्शन आहे. त्यात सवलती आहेत, हे मान्य. सर्वांना खुला असलेला कोड सुटतो. दुकानात कोणालाही मिळणारे, ग्राहकाला स्वतः बसवता येणारे उत्पादनही सुटू शकते. मग अडकतो कोण? एखाद्या परदेशी बँकेच्या मागणीनुसार वेगळी प्रणाली बांधणारी, पंधरा-वीस माणसांची कंपनी. जिच्याकडे वकील नाही, तिलाच नियमाखालच्या टिपा वाचत बसावे लागते. मला हे उलटे वाटते आणि दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांसमोर तसे सांगायला संकोचही वाटत नाही.

विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिकाऱ्यांना म्हणूनच विनंती: सवलत कुठे संपते आणि अर्ज कुठे सुरू होतो, हे खऱ्या उत्पादनांची उदाहरणे घेऊन सांगा. त्यासाठी जेवणानंतरचे अख्खे सत्र ठेवले आहे. श्रोत्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून नोंदणीच्या टेबलावर द्यावेत. कंपनीचे नाव घालायची गरज नाही. उद्घाटकांना आता दीपप्रज्वलनाची विनंती करतो.