अर्जातील आकडा

(शहरातील सार्वजनिक उत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी योजलेल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘सार्वजनिक कार्यक्रमाची परवानगी’. विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते मी पाहिले. कारण स्पष्ट आहे. कार्यक्रमाचे नियोजन करताना वक्ता कोण, अध्यक्ष कोण, गीत कोणते, यावर आपण तासन्‌तास चर्चा करतो. परवानगीचे काम मात्र एखाद्या हेलपाटे घालू शकणाऱ्या तरुणाच्या गळ्यात घालून मोकळे होतो. ‘ते तेवढे बघ रे’ असे म्हटले की आपल्या दृष्टीने तो विषय संपतो. मीही अनेक वर्षे असेच मानत होतो. माझे मत कसे बदलले, ते आधी सांगतो.

एका संध्याकाळची गोष्ट

साधारण चाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या शहरात स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला देशभक्तिपर गीतांच्या सामूहिक गायनाचा कार्यक्रम आम्ही योजला होता. जागा एका शाळेच्या मैदानाची. परवानगीचा अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात मीच गेलो होतो. अर्जात ‘अपेक्षित उपस्थिती’ या रकान्यात मी लिहिले होते, ‘सुमारे ५००’. अनुभवी मंडळींनी तसे सुचविले होते. आकडा मोठा लिहिला तर साहेब प्रश्न विचारतात, अटी घालतात. लहान लिहिला की सही लवकर होते, हे त्यांचे शास्त्र.

ठाण्याचे निरीक्षक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी अर्ज वाचला, टेबलावर पडलेले आमचेच पत्रक उचलले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘पत्रकात तुम्ही सहस्रावधी नागरिकांना आवाहन केले आहे, आणि अर्जात पाचशे? यातले खरे कोणते?’’

मी म्हणालो, ‘‘साहेब, पत्रक हे पत्रक असते.’’

ते म्हणाले, ‘‘आकडा खरा लिहा. मी परवानगी नाकारणार नाही. मला फक्त माणसे किती पाठवायची ते कळेल.’’

मी आकडा बदलला नाही. परवानगी मिळाली. बंदोबस्ताला दोन शिपाई आले, पाचशे माणसांना पुरेसे. प्रत्यक्षात लोक आले तीन हजारांच्या घरात. मैदानाला दोन फाटके होती. मागच्या फाटकाला कुलूप होते आणि किल्ली ज्याच्यापाशी होती तो शिपाई संध्याकाळीच घरी गेला होता. कार्यक्रम उत्तम झाला. शेवटचे गीत चालू असताना पावसाची मोठी सर आली आणि सारा समुदाय एकाच वेळी त्या एकाच फाटकाकडे वळला. फाटक जेमतेम दोन मीटर रुंद. चेंगराचेंगरीत एक आजी खाली पडल्या, त्यांच्या हाताला धरलेली नात त्यांच्या अंगावर पडली, आणि मागून येणाऱ्यांना ते दिसतच नव्हते. दोन कार्यकर्त्यांनी आडवे होऊन लोंढा अडवला म्हणून दोघी वाचल्या. आजींचे खुब्याचे हाड मोडले. त्या पुन्हा काठीवाचून चालू शकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात मी त्यांना भेटायला गेलो. त्या मला रागावल्या नाहीत. ‘‘गाणी फार छान झाली हो,’’ एवढेच म्हणाल्या. ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. कोणीही आमच्यावर खटला भरला नाही, वृत्तपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. पण तो ‘५००’ हा आकडा माझ्या हस्ताक्षरातला होता.

अधिकार आपला आहेच

परवानगीविषयी आपल्या समाजमनात एक अढी आहे आणि तिला इतिहास आहे. परकीय राजवटीत परवानगी हे दडपणाचे साधन होते. १९११ च्या राजद्रोही सभा प्रतिबंधक कायद्यात घोषित क्षेत्रात विशिष्ट विषयांवरील सभेसाठी तीन दिवस आधी लेखी सूचना देणे किंवा परवानगी मिळवणे बंधनकारक होते.  त्या काळात परवानगीला बगल देणे हा पुरुषार्थ होता. तो संस्कार पिढ्यान्‌पिढ्या झिरपत आपल्यापर्यंत आला.

परंतु २६ जानेवारी १९५० पासून परिस्थिती मुळातून बदलली. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ख) ने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा मूलभूत अधिकार प्रत्येक नागरिकाला दिला आणि अनुच्छेद १९(३) ने त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्याला दिली. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सप्टेंबर १९७२ मध्ये हिंमतलाल शहा विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद या खटल्यात दिले. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा निकाल विशेष महत्त्वाचा, कारण प्रश्न होता मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ खाली केलेल्या नियमाचा. आणि तोच अधिनियम आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने आपल्याकडे लागू आहे. न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक रस्त्यावरील सभेचे नियमन शासन करू शकते. परंतु कोणत्याही मार्गदर्शक निकषाविना ‘देऊ’ किंवा ‘नाकारू’ असा अनिर्बंध अधिकार अधिकाऱ्याच्या हाती देता येणार नाही. तो नियम रद्द झाला.

अहमदाबादच्या त्या सभेचे आयोजक आपल्या विचारांचे नव्हते. पण त्या निकालाचे छत्र आपल्या डोक्यावरही आहे. २०२२ मध्ये तामिळनाडूत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या पथसंचलनांना परवानगी नाकारण्यात आली. विषय मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि अखेर ११ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाचे अपील फेटाळले. अधिकार एकाचा टिकला की सर्वांचा टिकतो, हे आपण ध्यानात ठेवावे. विरोधकाची सभा नाकारली म्हणून टाळ्या वाजवणाऱ्याने उद्या आपल्या सभेसाठी त्याच अधिकाऱ्यापुढे उभे राहायचे आहे.

अधिकाराची दुसरी बाजू

मात्र शहरातील रस्ता केवळ आपला नसतो. आपण मांडव घालतो त्या रस्त्यावरून रुग्णवाहिका जाणार असते. आपला ध्वनिक्षेपक लागतो त्याच्या समोरच्या घरात कोणाची परीक्षा असते, कोणी आजारी असते. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निर्णय प्रत्येक मंडळाने वाचला पाहिजे. वाहतुकीला व पादचाऱ्यांना अडथळा होईल असा मांडव रस्त्यावर उभारण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. हा नियम कोणत्याही एका समाजासाठी नाही, सर्वांसाठी आहे. इतरांनी तो पाळावा असे म्हणण्याचा अधिकार, तो आधी स्वतः पाळणाऱ्यालाच असतो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम सन २००० मधील आहेत. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागेत तो लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी वर्षातून फार तर १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, ही मर्यादा आहे. ‘आमचा उत्सव आहे’ हे या आकड्यांना उत्तर होऊ शकत नाही.

आकड्यामागची माणसे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अर्जात लिहिलेला आकडा, वेळ आणि जागा यांना एवढे महत्त्व का? गेल्या काही वर्षांतील चार घटना आठवा.

२ जुलै २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यात एका सत्संगानंतर चेंगराचेंगरी झाली आणि १२१ माणसे मृत्युमुखी पडली. परवानगी होती ८० हजारांची. पोलिसांच्या प्राथमिक अहवालानुसार लोक जमले होते अडीच लाखांहून अधिक. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तामिळनाडूतील करूर येथे एका राजकीय पक्षाच्या सभेत ४१ जणांचा बळी गेला. पोलिसांनी सांगितले की अर्ज १० हजारांचा होता आणि गर्दी त्याच्या दुपटीहून अधिक. नेते दुपारी येतील या अपेक्षेने लोक सकाळपासून ताटकळत उभे होते. प्रत्यक्षात ते पोहोचले संध्याकाळी. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूमध्ये क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात ११ जण गेले. आदल्या रात्री सामना जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी सोहळा ठरला. तयारीला अवकाशच नव्हता. आणि आपल्या महाराष्ट्रात, १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे, पुरस्कार सोहळ्यासाठी भर उन्हात उघड्या मैदानावर बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. तेथे जागेची वा शिस्तीची उणीव नव्हती. एप्रिलमधील दुपारची वेळ हीच चूक ठरली.

या चारही ठिकाणी आलेली माणसे श्रद्धेने, प्रेमाने, आनंदाने आली होती. ज्याच्या बोलावण्यावरून ती आली, त्याने त्यांचा हिशेब केला होता का, हा प्रश्न आहे.

हिशेब फार अवघड नसतो. गर्दीच्या नियोजनातील ढोबळ ठोकताळा असा की सपाट वाटेवर एक मीटर रुंदीच्या दारातून मिनिटाला सुमारे ८० माणसे सुरळीत बाहेर पडू शकतात. माझ्या त्या दोन मीटरच्या फाटकातून मिनिटाला १६० माणसे बाहेर पडली असती. तीन हजारांना सुमारे १९ मिनिटे लागली असती. पाऊस आल्यावर कोणीही १९ मिनिटे थांबत नाही. मागचे फाटक उघडे असते तर निम्म्या वेळात मैदान रिकामे झाले असते. हे गणित चौथीतला मुलगा करू शकेल. मी केले नव्हते. खरा आकडा लिहिला असता तर त्या निरीक्षकांनी ते माझ्याकडून करवून घेतले असते.

करावयाच्या गोष्टी

काही व्यावहारिक सूचना थोडक्यात सांगतो.

परवानगी एक नसते, अनेक असतात. जागेच्या मालकाचे संमतिपत्र, महापालिकेची जागेविषयीची परवानगी, स्थानिक पोलीस ठाण्याची कार्यक्रमाची व ध्वनिक्षेपकाची परवानगी, वाहतूक शाखेचे व अग्निशमन दलाचे ना हरकत प्रमाणपत्र, तात्पुरती वीजजोडणी, आणि नाटक असेल तर संहितेचे प्रमाणपत्र. एकाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असते, म्हणून किमान महिनाभर आधी प्रारंभ करावा. अर्जाची पोच आणि आवक क्रमांक घेतल्यावाचून कार्यालयातून बाहेर पडू नये. शहरात जमावबंदीचा आदेश लागू आहे का, याची आठवडाभर आधी पुन्हा चौकशी करावी.

परवानगी नाकारली गेली तर कारण लेखी मागावे, पर्यायी जागा वा वेळ सुचवावी, वरिष्ठांकडे दाद मागावी. न्यायालयाचे दार उघडे असते. परंतु तेथे कागदच बोलतो. ऐनवेळी दिलेल्या अर्जाची वा दडवलेल्या संख्येची बाजू कोणताही वकील मांडू शकत नाही. सहीसाठी पाकीट पुढे करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. समाजाला शुचितेचे आवाहन करणाऱ्या कार्यक्रमाचा श्रीगणेशा लाचेने व्हावा, याहून मोठी विसंगती नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दोन कार्यकर्त्यांनी मैदान पायी फिरावे. फाटके किती, किल्ल्या कोणाकडे, रुग्णवाहिका कोठून येईल, पाणी कोठे, वृद्धांची व मातांची बैठक दाराजवळ आहे ना, हे पाहावे. किल्ली कार्यकर्त्याच्या खिशात असावी, शिपायाच्या घरी नव्हे.

आणि शेवटची सूचना. परवानगीचे काम नवख्याकडे सोपवू नका. ते मंडळाच्या सर्वांत जबाबदार कार्यकर्त्याचे काम आहे. नवख्याला त्याच्याबरोबर अवश्य पाठवा, म्हणजे तोही शिकेल. अर्जावरील सही ही शासनापुढची औपचारिकता असते, तशीच ती आपल्या निमंत्रणावरून येणाऱ्या प्रत्येक आईला, आजोबांना, लेकराला दिलेली हमी असते: तुम्ही या, तुमच्या घरी परत जाण्याची काळजी आम्ही घेतली आहे.

त्या आजी आज हयात नाहीत. त्यांची ती नात आता स्वतः आई आहे. गेल्या वर्षी एका कार्यक्रमाला ती आपल्या मुलाला घेऊन आली होती. मला ओळखून हसली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली. मी मात्र कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी उठलो आणि मागचे फाटक उघडे आहे की नाही, ते पाहून आलो. ते उघडे होते.