सायकलला नवा रंग, घरच्या घरी

जुनी सायकल घरी रंगवायची, तर खरी मेहनत रंगाआधीची. चाकं, चेन, पॅडल काढून फ्रेम मोकळी करा. पॉलिश पेपरने गंज पूर्ण खरवडा, नाहीतर तो नव्या रंगाखालूनही पसरतो. थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसा, आट्यांना मास्किंग टेप लावा आणि आधी प्रायमर मारा.

स्प्रेचा डबा चांगला हलवून वीतभर अंतरावर धरा. हात थांबला की ओघळ आलाच! एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात द्या. दमट हवेत रंग पांढुरका पडतो, म्हणून पावसाळा टाळा. काम उघड्यावर करा, वाफा अडवणारा मास्क लावा, जवळपास विस्तव नको. रंग वरून सुकला तरी आतून पक्का व्हायला वेळ लागतो. सायकल जोडण्याआधी आठवडाभर थांबा.